मार्गदर्शन सरांचे, सहकार्य मॅडमचे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शालेय क्रीडा स्पर्धांचा हंगाम सुरू झाला की आपल्या वृत्तपत्राच्या जिल्हा पानावर ठरावीक साच्याची एक बातमी जवळजवळ रोज येते. अमुक विद्यालयाच्या सतरा वर्षांखालील मुलींच्या संघाने तालुक्यात प्रथम क्रमांक पटकावला, संघाची जिल्हास्तरीय स्पर्धेसाठी निवड झाली, खाली गळ्यात पदके घातलेल्या मुलींचे छायाचित्र, दोन्ही टोकांना संस्थेचे पदाधिकारी, आणि शेवटची ओळ : 'या संघास अमुक सरांचे मार्गदर्शन व तमुक मॅडमचे सहकार्य लाभले.' यात वार्ताहराचा दोष नाही, हे मी आधीच सांगते. शाळेच्या कार्यालयातून जो कागद जातो तोच छापला जातो, आणि असे कागद मी स्वतः कितीतरी वर्षे लिहून पाठवले आहेत. सांगली जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी २९ वर्षे क्रीडाशिक्षिका होते. त्याआधी मातीच्या मैदानावर डाव्या कोपऱ्यात कबड्डी खेळले. निवृत्तीनंतर जुनी कात्रणे चाळताना ही शेवटची ओळ मला पहिल्यांदा खटकली. एवढ्या वर्षांत ती खटकली नाही याची थोडी लाजही वाटली, आणि त्या लाजेपोटीच हे पत्र लिहीत आहे.

'सहकार्य' या शब्दात काय काय मावते ते मैदानाबाहेरच्या वाचकांना कदाचित माहीत नसेल. मुलींच्या संघाबरोबर एक स्त्री असली पाहिजे, हा संकेत फार जुना आहे. ही स्त्री कागदावर 'संघ व्यवस्थापक' असते. बोनाफाइड, आधार कार्डाच्या झेरॉक्स आणि ओळखपत्रे यांची फाइल तिच्याकडे असते, मुक्कामाच्या वर्गखोलीची किल्ली तिच्याकडे असते. कोणाची पाळी आली, कोणाच्या घरून फोन आला, कोणाला एसटीत उलटी झाली, हे सारे तिने पाहायचे असते. यातले एकही काम कमी दर्जाचे आहे असे मी म्हणत नाही, ती सगळी मी केली आहेत. प्रश्न असा आहे की हे काम करणारी ती स्त्री पुष्कळदा संघातली खेळाची सर्वांत जाणकार व्यक्ती असते, आणि तरीही मैदानाच्या कडेला मांडलेली मार्गदर्शकाची खुर्ची तिच्यासाठी नसते.

एक प्रसंग सांगते. माझी एक विद्यार्थिनी उत्तम चढाईपटू होती, राज्य स्पर्धा खेळली, बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) झाली, एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही तिने पुरा केला, आणि शेजारच्या तालुक्यातल्या एका शाळेत मानधनावर मुलींचा संघ घडवू लागली. २०१५ च्या विभागीय स्पर्धेला मी पंचांच्या टेबलाजवळ बसले होते. तिचा संघ सामन्याच्या शेवटच्या पाच मिनिटांत दोन गुणांनी मागे होता. संघाने वेळ मागून घेतला आणि खुर्चीवरचे सर उठून मुलींजवळ गेले. गृहस्थ सज्जन होते आणि गणित छान शिकवायचे, पण लोण (समोरचा सगळा संघ बाद करणे) कशाला म्हणतात हे त्यांना बहुधा त्याच वर्षी कळले होते. ते शाळेचे कायम कर्मचारी असल्याने कर्तव्यरजा आणि प्रवासभत्ता त्यांच्याच नावावर निघू शकत होता, म्हणून प्रवेशिकेत मार्गदर्शक म्हणून त्यांचे नाव आणि व्यवस्थापक म्हणून माझ्या विद्यार्थिनीचे. ती मागच्या पायऱ्यांवर दप्तरांच्या राशीजवळ बसली होती, आणि तिचा आठ महिन्यांचा मुलगा दोन पायऱ्या वर सासूबाईंच्या मांडीवर होता. वेळेची विश्रांती अवघ्या तीस सेकंदांची असते. तिने पाण्याची बाटली घेऊन निघालेल्या राखीव खेळाडूला हाताने थांबवले आणि तिच्या कानात सांगितले, "त्यांची चढाईवाली बोनसला येतेय, डावा कोपरा मागे धर, आणि साखळीला सांग हात सोडू नका." बाटलीबरोबर तो निरोप मैदानात गेला. पुढच्याच चढाईत पकड झाली, आणि सामना त्या मुलींनी एका गुणाने जिंकला.

मी तिला विचारले, "तू का नाही गेलीस आत?" ती म्हणाली, "बाई, माझं नाव मॅनेजरमध्ये आहे." दोन दिवसांनी बातमी आली, सरांचे मार्गदर्शन, मॅडमचे सहकार्य. त्यानंतर दीड वर्षाने तिने मैदान सोडले. आज ती एका पतसंस्थेची पिग्मी गोळा करते. स्कूटीवरून दारोदार फिरणे तिला जमते, माणसे सांभाळणे जमते, महिन्याच्या महिन्याला कमिशन मिळते, आणि मुलगा शाळेतून यायच्या वेळी तिला घरी असता येते. तिची निवड चुकली असे मी म्हणू शकत नाही.

हे एका तालुक्यापुरते असते तर मी आपली जागा अडवली नसती. २०१८ च्या ऑगस्ट महिन्यात जकार्ता येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत महिला कबड्डीच्या अंतिम सामन्यात इराणने भारताला २७–२४ असे हरवले. महिला कबड्डीचा या स्पर्धेत २०१० साली समावेश झाल्यापासूनची दोन्ही सुवर्णपदके आपली होती, त्यामुळे त्या संध्याकाळी कबड्डीच्या घराघरांत सुतक असल्यासारखे वातावरण होते. पण विजेत्या इराणी मुलींना घडवणाऱ्या प्रशिक्षक शैलजा जैन या आपल्या नाशिकच्या होत्या. नाशिकमध्ये वर्षानुवर्षे मुलींना कबड्डी शिकवलेल्या या बाईंना भारतीय संघाचे प्रशिक्षकपद हवे होते, ते मिळाले नाही. इराणने बोलावले तेव्हा त्या गेल्या, कामापुरती फारसी शिकल्या, मुलींना योगासने आणि प्राणायाम शिकवले, आणि अंतिम सामन्यात आपल्याच देशाविरुद्ध उभ्या राहिल्या. तेव्हा काही जणांनी त्यांच्या देशप्रेमाविषयी कुजबुज केली होती, ती मी माझ्या कानांनी ऐकली आहे. ज्यांना आपण खुर्ची दिली नाही त्या दुसऱ्याच्या खुर्चीवर बसल्या म्हणून रागवण्याचा अधिकार आपल्याला कसा पोचतो, हे मला आजही समजलेले नाही. कबड्डी आपल्या मातीतली असे आपण अभिमानाने सांगतो. त्या मातीत मुलींना पकड शिकवणारी बाई मात्र तेहरानला जाऊन ओळखली गेली.

यावर नेहमी मिळणारे उत्तर असे, की स्त्रिया प्रशिक्षणाकडे येतच नाहीत. माझा अनुभव निराळा आहे. त्या येतात, बऱ्याच येतात, आणि अठ्ठावीस ते पस्तीस या वयात निघून जातात. विशीतल्या मुली खेळ संपला की आपापल्या क्लबात, शाळेत, तालुका क्रीडा संकुलात लहान मुलींना शिकवू लागतात. त्यांच्यातल्या चाळिशीपर्यंत टिकणाऱ्या मात्र फार थोड्या, आणि संघटना, संचालनालय किंवा महासंघ जेव्हा अनुभवी प्रशिक्षक शोधू लागतात तेव्हा ते चाळिशीच्या वरचेच शोधतात. ऑलिंपिकमध्येही चित्र असेच आहे. टोकियो येथील स्पर्धेत खेळाडूंमध्ये स्त्रियांचे प्रमाण निम्म्याच्या जवळ पोचले होते, पण अधिकृत प्रशिक्षकांत स्त्रिया शंभरात तेराच होत्या. आपल्या देशाची आकडेवारी मी देणार नाही. वाचकांनी आपल्या गावातल्या कोणत्याही क्रीडा संकुलात एक संध्याकाळ जाऊन मोजून पाहावे.

त्या निघून का जातात, याची कारणे मोठ्या परिसंवादांत शोधावी लागत नाहीत, घड्याळात पाहिले तरी ती दिसतात. मैदानाच्या वेळा सकाळी साडेपाच ते आठ आणि संध्याकाळी साडेचार ते साडेसात अशा असतात, आणि घरात बाईची गरज ज्या वेळी सर्वांत जास्त मानली जाते त्या नेमक्या याच वेळा आहेत. सकाळी डबे आणि पाणी, संध्याकाळी मुलांचा अभ्यास, दिवेलागण आणि स्वयंपाक. बँकेत किंवा कचेरीत नोकरी करणारी सून दुपारी बाहेर असते, ते आता घरांनी स्वीकारले आहे. मैदानावरची सून नेमकी सगळे घरी असताना बाहेर असते आणि सगळे बाहेर असताना घरी, त्यामुळे दिवसभर ती मोकळीच असते असाही समज होतो. पुरुष प्रशिक्षकालाही याच वेळा पाळाव्या लागतात, पण साडेसातला घरी आल्यावर त्याला पानावर बसायचे असते. हा घराघरांतला प्रश्न आहे आणि तो सरकारने सोडवावा असे मी म्हणणार नाही. मात्र शेवटची एसटी सात वाजता सुटत असेल तर मुलींचा सराव सव्वासहाला संपवता येतो, आणि संकुलातले एक मैदान दुपारच्या सत्रासाठी झाकून घेता येते. एवढे तरी ज्यांच्या हाती आहे त्यांनी करायला काय हरकत आहे?

दुसरे कारण पैशाचे आहे, आणि त्याविषयी आपल्याकडे संकोचाने बोलले जाते. मानधनावरील मार्गदर्शकाचा करार सामान्यतः अकरा महिन्यांचा असतो आणि मानधन पुष्कळदा चार-पाच महिने उशिरा मिळते. घरात दुसरे कोणी कमावते असेल तरच असे काम परवडते, आणि दुसरे कोणी कमावते असेल तर घरचे विचारतात की मग तू एवढ्या उन्हात कशाला जातेस. शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरापेक्षा अधिक मुले असलेल्या शाळेत शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असायला हवा. या पदावर काम केलेल्या मुलींना विचारा, त्या वर्गावर जितके तास उभ्या राहिल्या तितकेच कचेरीच्या पायऱ्यांवर बसल्या असतील.

तिसरे कारण बाळंतपणाचे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवड्यांची पगारी रजा दिली आहे, पन्नासपेक्षा कमी कर्मचारी नसलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सक्तीही केली आहे. पण ज्या मुलीचा करारच अकराव्या महिन्यात संपतो तिची रजा कोणी नाकारतही नाही, तिचा करार पुढे चालू होत नाही एवढेच. माझ्या ओळखीच्या एका अॅथलेटिक्सच्या मार्गदर्शिकेने बाळंतपणानंतर पाचव्या महिन्यात संकुलात चौकशी केली, तेव्हा तिच्या जागी दुसरा मुलगा रुजू झाला होता आणि तिच्या सहा धावपटू मुलींपैकी चौघींनी सराव सोडला होता. त्या चौघींची नोंद कोणत्याही अहवालात होणार नाही. बाई गेली की तिच्यामागून मुली जातात. ते कोणी मोजत नाही, म्हणून बाईला टिकवण्याचा खर्च सगळ्यांना जास्त वाटतो.

येथे एका गोष्टीचा खुलासा करायला हवा, कारण माझा मुद्दा हमखास तिकडे ओढला जातो. मुलींच्या सुरक्षिततेसाठी स्त्री प्रशिक्षक हवी, असे आता सगळेच म्हणतात. २०२२ च्या जून महिन्यात, एका सायकलपटूने परदेशी शिबिरातल्या प्रशिक्षकाविरुद्ध तक्रार केल्यानंतर, भारतीय क्रीडा प्राधिकरणाने राष्ट्रीय महासंघांना कळवले की महिला खेळाडू असलेल्या प्रत्येक पथकाबरोबर महिला प्रशिक्षक असलीच पाहिजे. पुढच्या वर्षी जंतरमंतरवर बसलेल्या कुस्तीपटू मुली साऱ्या देशाने पाहिल्या. नियम योग्य आहे आणि तो आधीच यायला हवा होता. पण त्याची अंमलबजावणी कशी होते ते मैदानावरच्या माणसाला विचारा. पथक निघायच्या आदल्या आठवड्यात 'एखादी बाई बघा' असा फोन येतो, आणि जी मोकळी असेल ती ट्रॅकसूट घालून पथकाबरोबर जाते. अशाने स्त्री पुन्हा राखणदारच ठरते. तिला खेळ येतो म्हणून तिला बोलावले, असे त्यात कोठेच नसते. सुरक्षितता हवीच, आणि त्यासाठी कायदाही आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात क्रीडा संस्था, स्टेडियम, क्रीडा संकुल आणि स्पर्धेचे ठिकाण यांचा कामाचे ठिकाण म्हणून स्पष्ट उल्लेख आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तेथे अंतर्गत समिती आणि इतरांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती अशी त्यात तरतूद आहे. किती संकुलांच्या भिंतीवर त्या समितीच्या सदस्यांची नावे लावलेली आहेत? ती नावे लावण्याचे काम प्रशासनाचे आहे, ते एकट्या 'मॅडम'च्या अंगावर टाकून चालणार नाही.

स्त्री प्रशिक्षक मला हवी आहे ती मुख्यतः खेळासाठी. माझ्या वेळचे एक उदाहरण देते. आम्हाला कंबरेची पकड शिकवणारे सर अत्यंत सभ्य होते. ते चार हात लांब उभे राहत आणि हातातल्या छडीने हवेतच जागा दाखवत, येथे खांदा लाव, येथे हात आवळ. मुलांना तीच पकड शिकवताना ते स्वतः मातीत उतरत, मुलाचा खांदा दाबून कोन दुरुस्त करत, चुकला की पुन्हा पाडत. छडीने शिकलेली पकड आणि अंगाने शिकलेली पकड यांत जो फरक असतो तो पहिल्या खऱ्या सामन्यात कळतो, आम्हाला तो फार महागात कळला. पुढे मी शिकवू लागले तेव्हा पहिल्याच दिवशी मुलींसमवेत मातीत बसले. घोट्याच्या पकडीत गुडघा कुठे टेकवायचा, चढाईवाली उलटी फिरली की मनगट कधी सोडायचे, पाळीच्या दिवसांत सराव किती आणि कसा बदलायचा, गुडघ्याच्या दुखण्याला घरी 'नाटक' म्हणतात तेव्हा आईशी काय बोलायचे, हे सारे प्रशिक्षणच आहे. ते सहकार्यात मोडत नाही.

आणि हे ज्ञान फक्त मुलींच्या उपयोगाचे असते असेही नाही. पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत कांस्यपदक मिळवणारा आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातला स्वप्नील कुसाळे दीपाली देशपांडे यांच्या हाताखाली तयार झाला. त्या स्वतः २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये खेळल्या होत्या. त्यांना २०२४ चा द्रोणाचार्य पुरस्कार, म्हणजे प्रशिक्षकांसाठीचा राष्ट्रीय पुरस्कार, मिळाला. त्याच अथेन्समध्ये अंतिम फेरी गाठलेल्या सुमा शिरूर नवीन पनवेलला नेमबाज घडवतात आणि त्यांना २०२२ चा द्रोणाचार्य मिळाला. दिल्लीच्या सुनीता शर्मा यांनी कसोटीपटू दीप दासगुप्ता घडवला आणि २००५ मध्ये हा पुरस्कार मिळवणाऱ्या त्या क्रिकेटमधल्या पहिल्या स्त्री ठरल्या. महिला कबड्डीसाठी २०१२ मध्ये हा पुरस्कार सुनील डबास यांना मिळाला (नावावरून अनेक जण त्यांना पुरुष समजतात, त्या बाई आहेत), तिरंदाजीसाठी पुढच्याच वर्षी पूर्णिमा महतो यांना आणि हॉकीसाठी २०२१ मध्ये सोनीपतच्या प्रीतम सिवाच यांना. हा पुरस्कार १९८५ पासून दिला जातो, आणि एवढ्या वर्षांच्या यादीत स्त्रियांची नावे शोधावी लागतात. जाता जाता एक निरीक्षण : स्वप्नीलने दीपालीताईंना आपली दुसरी आई म्हटले, ते त्याच्या मनापासून आले होते आणि ते वाचून मलाही बरे वाटले. पण सगळ्या वृत्तपत्रांनी मथळ्यासाठी तेच उचलले. पुरुष प्रशिक्षक गुरू होतो, स्त्री प्रशिक्षक आई होते. नेमबाजाचा श्वास, ट्रिगरवरचा दाब आणि गुडघ्यावर बसून मारताना शरीराचा तोल यावर त्यांनी काय काम केले, हे वाचायला मला जास्त आवडले असते.

पैसा आला की परिस्थिती आपोआप सुधारेल, असे काही जण सांगतात, आणि महिला क्रिकेटचे उदाहरण देतात. येथे अमेरिकेतला अनुभव लक्षात घेण्यासारखा आहे. १९७२ साली तेथे मुलींना महाविद्यालयीन खेळात समान संधी देणारा कायदा झाला. तोपर्यंत मुलींच्या संघांच्या प्रशिक्षकांत नव्वद टक्क्यांहून अधिक स्त्रिया होत्या. कायद्याने मुलींची संख्या वाढली, निधी आला, पगार वाढले, आणि मग पुरुषांनाही ती नोकरी करण्याजोगी वाटू लागली. आता ते प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास आहे. आपल्याकडे महिला प्रीमियर लीग २०२३ मध्ये सुरू झाली तेव्हा पाच संघांच्या मुख्य प्रशिक्षकांत दोन स्त्रिया होत्या आणि त्या दोघीही परदेशी होत्या, मुंबईच्या शार्लट एडवर्ड्‌स आणि गुजरातच्या रेचेल हेन्स. मुंबई संघाने पहिल्याच वर्षी विजेतेपद मिळवले, तेव्हा स्त्री मुख्य प्रशिक्षक असली की संघ हरतो, असा तर्क कोणाला करता येणार नाही. भारतीय महिला संघाच्या प्रशिक्षकपदी कधी काळी सुधा शाह होत्या, पूर्णिमा राव होत्या. २०१७ च्या विश्वचषकाच्या तोंडावर पूर्णिमा राव यांना बाजूला केले गेले, आणि त्यानंतर ती खुर्ची पुरुषांकडेच राहिली. अमोल मुझुमदार यांनी २०२५ मध्ये नवी मुंबईत आपल्या मुलींना विश्वविजेते केले त्या रात्री मीही टीव्हीसमोर रडले, त्यांच्या योग्यतेविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. मी फक्त एवढेच विचारते की त्याच संघातून निवृत्त होणाऱ्या मुलींपैकी किती जणींना पुढची दहा वर्षे प्रशिक्षक म्हणून घडण्याचा रस्ता आज दिसतो आहे.

रस्ता नसला की चांगल्या खेळाडू दुसरीकडे जातात, आणि कधी कधी आपणच त्यांना सन्मानाने दुसरीकडे पाठवतो. ललिता बाबर रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि राज्याने तिला उपजिल्हाधिकारी केले. नेमबाज राही सरनोबतलाही तेच पद मिळाले. त्या पदांवर त्यांचा पूर्ण हक्क आहे. पण माण तालुक्याच्या दुष्काळी माळावरून ऑलिंपिकच्या ट्रॅकपर्यंत कसे पोचायचे हे जिला ठाऊक आहे, तिच्या ज्ञानाचा महसूल खात्याला जितका उपयोग होईल त्याहून अधिक क्रीडा खात्याला झाला असता. तशी वाट ठेवली असती, तर कदाचित तीही तिने पसंत केली असती. खो-खोची माजी भारतीय कर्णधार, अर्जुन पुरस्कारविजेती सारिका काळे हिला तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी म्हणून नेमले गेले, ते मला अधिक योग्य वाटते, मात्र तालुका क्रीडा अधिकाऱ्याचा बराचसा दिवस फाइलींतच जातो, हे ज्यांनी ती कचेरी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. खो-खोच्या पहिल्या विश्वचषकात २०२५ च्या जानेवारीत आपल्या मुलींनी प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली नेपाळला ७८–४० असे हरवले. त्या संघातल्या मुली पाच-सहा वर्षांत खेळ थांबवतील. त्यांच्यासाठी आजच जागा तयार करायला घेतली तर ती वेळेवर तयार होईल.

जागा तयार करायची म्हणजे काय, हे विचारले तर माझी मागणी फार मोठी नाही. शालेय स्पर्धांच्या प्रवेशिकेत मार्गदर्शकाच्या रकान्यात प्रत्यक्ष सराव घेणाऱ्या व्यक्तीचे नाव लिहिणे बंधनकारक करावे, ती कायम असो वा मानधनावरची, आणि तिचा प्रवासभत्ता त्याच नावावर निघावा. हा एक आदेश क्रीडा व युवक सेवा संचालनालयाला एका पानात काढता येईल आणि त्याला एक रुपयाही जास्तीचा लागणार नाही. मानधनाचा करार बारा महिन्यांचा असावा आणि बाळंतपणासाठी गेलेल्या मार्गदर्शिकेची जागा तात्पुरतीच भरली जावी, तिच्या परत येण्याची तारीख नेमणुकीच्या पत्रात लिहिलेली असावी. पतियाळ्याच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा पदविका अभ्यासक्रम निवासी असतो आणि लहान मूल असलेली स्त्री तेवढा काळ घराबाहेर राहू शकत नाही. तो तुकड्या-तुकड्यांत, पुण्याच्या बालेवाडीसारख्या राज्यातल्या केंद्रात पुरा करता आला तर त्या खुर्चीपर्यंत पोचणाऱ्या मुलींची संख्या वाढेल. निवासी शिबिरात प्रशिक्षक स्त्रीला दोन वर्षांखालील मूल आणि ते सांभाळणारे घरचे एक माणूस बरोबर ठेवता यावे. अशी एक खोली आणि दोन ताटे देणे ज्या शिबिराला अशक्य असेल तेथे इतर खर्चही तपासून पाहावा, असे मी नम्रपणे सुचवीन.

आणखी एक. २०२५ मध्ये आलेल्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने महासंघांच्या पंधरा जणांपर्यंतच्या कार्यकारी समितीत किमान चार स्त्रिया असाव्यात असे ठरवले आहे. बैठकीच्या खोलीत खुर्च्या मोजून ठेवल्या, हे चांगलेच झाले. त्या चौघींनी पहिल्या बैठकीत आपापल्या खेळाच्या निवड शिबिरांत किती स्त्रिया मुख्य प्रशिक्षक आहेत, किती सहायक आहेत आणि किती नुसत्या व्यवस्थापक आहेत, याची यादी मागवावी. तीन रकाने पुरतील.

माझ्या त्या विद्यार्थिनीचा मुलगा आता बारा वर्षांचा होत आला आहे. गेल्या पावसाळ्यात ती पिग्मीचे पैसे घ्यायला आमच्या गल्लीत आली, तेव्हा समोरच्या पटांगणात मुली खेळत होत्या. तिने स्कूटी बंद केली, हेल्मेट आरशाला अडकवले आणि पाचेक मिनिटे नुसती बघत उभी राहिली. मग एकीला हाक मारून म्हणाली, "अगं, मागचा पाय उचल, त्याशिवाय निदानरेषा ओलांडली असं धरत नाहीत." मुलीने मागचा पाय उचलून पुन्हा चढाई केली. तिने डायरीवर माझी सही घेतली आणि पुढच्या घराकडे गेली.

येत्या हंगामात आपल्या वार्ताहरांनी शाळेचा कागद हाती आला की एकच फोन करावा आणि विचारावे, सकाळी सराव कोण घेते. जे नाव सांगितले जाईल ते 'मार्गदर्शन'पुढे छापावे.

आपली,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका
मिरज, जि. सांगली